सुपारीच्या खांडाचेही व्यसन नसताना

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



मराठी घरातले कर्ते माणूस अकाली गेले आणि समाचाराला माणसे जमली, की एक वाक्य हमखास ऐकू येते : "सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नव्हतं हो त्यांना!" हे वाक्य खरे असते. गेलेला माणूस पहाटे उठून चालायला जाणारा, घरचे साधे जेवण जेवणारा, वेळेवर झोपणारा असतो. त्याच्या हृदयाने पंचेचाळिसाव्या वर्षी दगा द्यावा, याची संगती कोणालाच लागत नाही.

मग संगती लावण्याचे प्रयत्न सुरू होतात. कोणी म्हणते, ऑफिसचा ताण असेल. कोणी म्हणते, बाहेरचे खाणे होत असणार. एखादी नातेवाईक हलक्या आवाजात विचारते, "जेवणात तेलतूप जास्त असायचं का?" हा प्रश्न त्या घरी वीस वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईला विचारलेला असतो. नवरा गमावल्याच्या चौथ्या दिवशी तिला आपल्या फोडणीचा हिशेब द्यावा लागतो. आणि दाराशी उभी असलेली तरुण मुले वेगळाच निष्कर्ष काढतात : एवढे पथ्य पाळूनही हेच होणार असेल, तर पथ्य पाळायचे कशाला?

हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. पहिला निरपराध माणसाला अपराधी ठरवतो आणि दुसरा जिवंत माणसांना बेफिकीर करतो. अशा अनेक मृत्यूंमागे तिसरे कारण असू शकते. ते स्वयंपाकघरात नसते, ऑफिसातही नसते. ते माणसाच्या जन्माबरोबर, आईकडून किंवा वडिलांकडून आलेले असते. आजचे व्याख्यान त्याविषयी आहे.

या विषयात अमेरिकेतील जिम फिक्स यांचे उदाहरण जगभर दिले जाते. फिक्स यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले. फिक्स स्वतः पस्तिशीपर्यंत स्थूल होते आणि भरपूर सिगारेटी ओढीत. त्या वयात त्यांनी धावायला सुरुवात केली, सिगारेट सोडली, वजन उतरवले. १९७७ साली त्यांनी धावण्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या आणि अमेरिकेत सामान्य माणूस सकाळी रस्त्यावर धावू लागला. २० जुलै १९८४ रोजी व्हर्माँट राज्यातील एका रस्त्यावर धावत असतानाच ते कोसळले. वय बावन्न. शवचिकित्सेत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या मोठ्या प्रमाणात बुजलेल्या आढळल्या.

या मृत्यूवर तेव्हा पुष्कळ विनोद झाले. धावून काय मिळाले, असे बैठे लोक समाधानाने म्हणू लागले. फिक्स वडिलांपेक्षा नऊ वर्षे अधिक जगले, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की डॅलसचे डॉ. केनेथ कूपर यांनी मृत्यूपूर्वी काही महिने त्यांना हृदयाची ताण-चाचणी करून घेण्यास सुचवले होते आणि त्यांनी ती केली नव्हती. फिक्स यांना पुढे ज्याचे वर्णन येणार आहे तोच विशिष्ट आजार होता, असे म्हणता येत नाही. परंतु वडिलांचे वय आणि मृत्यूचे कारण त्यांना ठाऊक होते. चांगल्या सवयींनी ते कारण पुसले जाईल, असा विश्वास त्यांना वाटला असावा. हाच विश्वास आजही अनेक घरांत घात करतो.

आता शरीरात काय घडते ते पाहू. कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणाला ते लागते, काही संप्रेरके त्यापासून बनतात. शरीर त्यातील बराच भाग स्वतःच तयार करते आणि या साऱ्या व्यवहारात यकृताचे काम मोठे असते. रक्त पाणीदार आणि कोलेस्टेरॉल तेलकट, म्हणून ते प्रथिनांच्या वेष्टनात बांधून पाठवले जाते. या गाठोड्यांपैकी एका प्रकाराला एलडीएल म्हणतात. तपासणीच्या कागदावर 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणून लिहिलेले असते ते हेच.

ही गाठोडी रक्तातून फिरतात आणि गरज भागल्यावर यकृत ती परत उचलून घेते. उचलण्यासाठी यकृताच्या पेशींवर ग्राही, म्हणजे रिसेप्टर असतात. बंदरावरील धक्क्यांसारखे त्यांचे काम चालते. जहाज धक्क्याला लागते, माल उतरतो, धक्का पुन्हा मोकळा होतो. धक्के पुरेसे असतील तर समुद्रात जहाजांची गर्दी होत नाही. परंतु निम्मे धक्के बंद पडले, तर माल तेवढाच असूनही जहाजे बाहेर ताटकळत राहतात. रक्तात ताटकळलेली ही गाठोडी हळूहळू वाहिन्यांच्या अस्तरात शिरतात, तेथे साचतात आणि वर्षानुवर्षांनी वाट अरुंद करतात.

धक्के बांधण्याची सूचना जनुकात असते. प्रत्येकाला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईची आणि एक वडिलांची. त्यांपैकी एक प्रत सदोष असली तर ग्राही सुमारे निम्मे राहतात आणि रक्तातील एलडीएल साधारण दुप्पट होते. या आजाराला वैद्यकात फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. मराठीत त्याला कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल म्हणता येईल. सामान्यतः २५० ते ३०० माणसांत एकाला तो असतो. हजारभर मुलांच्या शाळेच्या पटावर अशी तीन-चार मुले असू शकतात. ती खेळतात, पळतात, बक्षिसे मिळवतात. बहुतेकांच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नाही.

या आजारात वर्षांचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. सामान्य माणसाचे कोलेस्टेरॉल चाळिशीच्या सुमारास वाढले, तर त्याच्या रक्तवाहिन्यांनी पहिली चाळीस वर्षे सुखात काढलेली असतात. या आजारात ते पाळण्यातल्या बाळापासून वाढलेले असते. एलडीएलचा आकडा आणि वयाची वर्षे यांचा गुणाकार करून तज्ज्ञांनी मांडलेल्या हिशेबानुसार, सामान्य माणसाच्या रक्तवाहिन्यांवर पंचावन्नाव्या वर्षी जेवढा एकूण भार पडलेला असतो, तेवढा या आजारात उपचार न केल्यास पस्तिसाव्या वर्षीच पडतो. उपचार न घेतलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीच्या आत आणि स्त्रियांपैकी सुमारे तीस टक्क्यांना साठीच्या आत हृदयविकार गाठतो.

अशा माणसाची वाटचाल कशी होते? पुढील हकिगत कोणा एका व्यक्तीची नाही. परंतु असे अनेकजण हेच टप्पे ओलांडत आलेले असतात. वय चव्वेचाळीस, अंगकाठी सडपातळ, पहाटे सूर्यनमस्कार, आठवड्यातून दोन उपवास. दहा वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत एलडीएल २४० आले होते. "बारीक माणसाला कसलं कोलेस्टेरॉल!" असे म्हणून घरात सर्वजण हसले. तरीही गृहस्थाने साय सोडली, अंड्याचा बलक सोडला, दिवाळीचा फराळ चाखून बाजूला ठेवला. पुढल्या वेळी आकडा २२० झाला. पथ्याचा उपयोग होत आहे असे समजून तो समाधान पावला. वस्तुतः आहाराने जेवढा फरक पडू शकत होता तेवढा पडून गेला होता. उरलेला आकडा आहाराच्या हाती नव्हताच. एके दिवशी जिना चढताना छाती भरून आली. पित्त असेल म्हणून त्याने सोडा घेतला. तिसऱ्या वेळी पत्नीने ऐकले नाही आणि रुग्णालय गाठले. दोन वाहिन्या बुजल्या होत्या.

घरी परतल्यावर खरा त्रास सुरू होतो. भेटीला येणारा प्रत्येकजण त्याच्याकडे थोडे संशयाने पाहतो. "तुम्हाला कसं काय?" या प्रश्नात सहानुभूती असते आणि तपासही असतो. सकाळच्या फिरण्यातले सोबती त्याच्याशी बोलताना अवघडतात, कारण त्याच्या आजाराने त्यांच्याही खात्रीला तडा गेलेला असतो. त्याचा स्वतःचाही शरीरावरचा विश्वास उडतो. इमानाने पोसलेल्या शरीराने न सांगता कर्ज काढून ठेवले होते, असे त्याला वाटू लागते. काहीजण चिडून सारे पथ्य सोडतात. काहीजण उलट इतके घाबरतात की ताटातल्या प्रत्येक घासाची भीती बाळगतात. अशा वेळी त्याला सांगावयाची पहिली गोष्ट ही, की यात त्याचा अपराध नाही. ते कर्ज त्याने काढलेले नव्हते. ते वारशाने त्याच्या नावावर चढले होते. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची : त्याच्या सवयी वाया गेल्या नाहीत. त्याने सिगारेट ओढली असती, रक्तदाब आणि मधुमेह वाढू दिला असता, तर हाच प्रसंग कदाचित फार लवकर आला असता. या आजारात तंबाखूइतका वाईट सोबती दुसरा नाही. चांगल्या सवयी हा उपचाराचा पाया आहे. मात्र पाया घातला म्हणजे घर उभे राहिले असे होत नाही.

उरलेले घर विज्ञानाने बांधले आणि त्याचा बहुतेक काळ या शाळेच्या आयुष्याशी समांतर आहे. नॉर्वेतील डॉ. कार्ल म्यूलर यांनी १९३८ साली काही कुटुंबांचे निरीक्षण नोंदवले होते. त्या घरांतील माणसांच्या घोट्यामागच्या आणि बोटांच्या शिरांवर पिवळट गाठी होत्या, रक्तात कोलेस्टेरॉल अधिक होते आणि त्यांना हृदयविकारही होता. ही तिन्ही लक्षणे एकत्र चालतात आणि पिढीतून पिढीत जातात, हे त्यांनी दाखवले. शाळा सुरू झाली त्या सुमारास, १९६४ साली, बैरूत येथील डॉ. अवेदिस खाचादुरियन यांनी लेबनॉनमधील कुटुंबांचा अभ्यास मांडला. एक सदोष जनुक मिळालेली माणसे आणि आई-वडील दोघांकडूनही तो मिळालेली मुले यांच्यातील फरक त्यातून स्पष्ट झाला. परंतु रुग्णाला देता येईल असा परिणामकारक उपाय तेव्हा जवळजवळ नव्हता.

१९७३-७४ च्या सुमारास डॅलसमध्ये मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन तरुण डॉक्टरांनी रुग्णांच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून एलडीएलच्या ग्राहींचा शोध लावला. वर सांगितलेले धक्के ते हेच. त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच काळात टोकियोत अकिरा एंडो हे शेतकरी कुटुंबातून आलेले शास्त्रज्ञ बुरशांच्या मागे लागले होते. बुरशीपासून पेनिसिलिन मिळाले, तसेच कोलेस्टेरॉल रोखणारे द्रव्यही मिळेल, अशी त्यांची धारणा होती. सुमारे सहा हजार नमुने तपासल्यावर १९७३ साली क्योटोतील एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरील बुरशीत त्यांना ते सापडले. १९७८ साली ओसाकाचे डॉ. अकिरा यामामोतो यांनी ते या आजाराच्या अठरा वर्षांच्या एका मुलीला दिले. आज ज्यांना स्टॅटिन म्हणतात त्या गोळ्यांचा प्रवास असा सुरू झाला. त्यांतील पहिल्या गोळीला १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. १९९४ साली स्कॅन्डिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या अभ्यासात अशा गोळीने एकूण मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

गोळी काम कशी करते हे समजून घेण्याजोगे आहे. ती यकृतातील कोलेस्टेरॉलचे उत्पादन कमी करते. यकृताला चणचण भासते आणि ते रक्तातून माल ओढून घेण्यासाठी आणखी धक्के बांधू लागते. एक जनुक सदोष असले तरी दुसरे चांगले असते. गोळी त्या चांगल्या जनुकाकडून जास्त काम करून घेते. दोन्ही जनुके सदोष असलेल्या मुलांत मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. अशा मुलांना विशी गाठण्यापूर्वीच झटका येऊ शकतो. टेक्सासमधील स्टॉर्मी जोन्स ही अशीच सहा वर्षांची मुलगी. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी पिट्सबर्ग येथे तिचे हृदय आणि यकृत दोन्ही बदलण्यात आले. हजाराच्या वर असलेले तिचे कोलेस्टेरॉल नव्या यकृतामुळे सुमारे तीनशेवर आले. आजाराचे मूळ यकृतात आहे, याचा याहून ठळक पुरावा दुसरा नसेल. ती मुलगी १९९० साली वारली, परंतु तिच्यामुळे पुष्कळ ज्ञान पदरात पडले.

२००३ साली फ्रान्समधील कुटुंबांच्या अभ्यासातून आणखी एक जनुक हाती आले. त्यापासून बनणारे प्रथिन धक्के मोडीत काढते. ते प्रथिन जन्मतःच कमकुवत असलेली माणसेही असतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात अशा कृष्णवर्णीय लोकांचे एलडीएल सुमारे २८ टक्क्यांनी कमी होते आणि त्यांच्यातील हृदयविकार मात्र तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. आकडा थोडाच खाली असला तरी तो जन्मभर खाली राहिला, तर लाभ किती मोठा होतो, हे त्यातून कळले. या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शने २०१५ पासून उपलब्ध आहेत. ज्यांना गोळ्या पुरत नाहीत त्यांना ती दिली जातात.

इतके सारे उपलब्ध असूनही माणसे का जातात? कारण बहुतेकांना आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नसते. आणि येथे कुटुंबाचा प्रश्न येतो.

आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता पन्नास टक्के असते. मुलगा असो वा मुलगी, शक्यता सारखीच. मुलगा वडिलांवर जातो, मुलगी आईवर जाते, किंवा दुखणे एक पिढी सोडून येते, या समजुतींना येथे आधार नाही. हा दोष पिढी सोडून उडी मारत नाही. ज्या अपत्याला तो मिळाला नाही, त्याच्या मुलांना तो त्या बाजूने मिळणार नाही. ज्याला मिळाला, त्याच्या प्रत्येक अपत्यापुढे पुन्हा तोच पन्नास टक्क्यांचा प्रश्न उभा राहतो. स्त्रियांत हृदयविकार बहुधा काही वर्षे उशिरा दिसतो. त्यामुळे आईकडून आलेला वारसा घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. आजी सत्तरीत हृदयविकाराने गेली, म्हणजे वयानेच गेली, असे धरले जाते. मग मामा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला त्याचा संबंध कोणी लावत नाही. महाराष्ट्राच्या काही भागांत आणि दक्षिणेकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. अशा नात्यात दोन्ही बाजूंना हा दोष असेल, तर चारांपैकी एका अपत्याला दोन्ही सदोष जनुके मिळण्याचा संभव असतो. म्हणून अशा घरांनी तपासणीबाबत अधिक दक्ष असावे.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची एक वेगळी अडचण आहे. एक भाऊ येथे, दुसरा पुण्याला, बहीण बडोद्याला, पुतण्या परदेशात. मृत्यूची बातमी सर्वांपर्यंत पोहोचते, कारण मात्र पोहोचत नाही. "अचानक गेले", "झोपेतच गेले", "देवमाणूस होता, त्रास न होता गेला" एवढेच कळते. प्रत्येक घराला आपल्यापुरता एक मृत्यू माहीत असतो. तीन घरांतले मृत्यू एका कागदावर लिहिले, तर जे पाचवीतल्या मुलालाही दिसले असते, ते कोणालाच दिसत नाही.

आपल्या समाजात कुलवृत्तांत छापण्याची जुनी परंपरा आहे. मूळ पुरुष कोण, कोणत्या गावातून कोण कोठे गेले, कोणाला किती अपत्ये, हे त्यात निगुतीने नोंदलेले असते. परगावी वाढलेल्या मुलांना आपले गाव त्यातूनच कळते. त्या नोंदींत आणखी दोन गोष्टी लिहिण्याची वेळ आली आहे : मृत्यूसमयीचे वय आणि मृत्यूचे कारण. छापील ग्रंथात नको असेल तर घरच्या वहीत लिहावे. आजी-आजोबा, आई-वडील, काका-आत्या, मामा-मावशी आणि भावंडे एवढ्यांची नावे, प्रत्येकापुढे वय, हृदयविकार झाला असल्यास कोणत्या वर्षी, आणि ठाऊक असल्यास एलडीएलचा आकडा. घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर एका दुपारी हे काम होऊ शकते. पुढे ते सांगणारे कोणी उरत नाही.

या वहीत काय पाहावे? जवळच्या नात्यातील पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा स्त्रीला साठच्या आत हृदयविकार झालेला असेल, तर ती धोक्याची खूण समजावी. प्रौढ माणसाचे एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असेल, तर केवळ तूप कमी करून न थांबता डॉक्टरांना या आजाराविषयी स्पष्ट विचारावे. टाचेच्या मागच्या शिरेवर किंवा बोटांच्या पेरांवर टणक गाठी, तरुण वयातच बुबुळाभोवती दिसणारे पांढुरके कडे, ही लक्षणेही दाखवावीत. ती नसली म्हणजे आजार नाही असे मात्र समजू नये. लिपोप्रोटीन-ए नावाचा आणखी एक वारसा असतो. त्याची पातळीही मुख्यतः जन्मानेच ठरते. घरात अकाली हृदयविकार असल्यास ती तपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. भारतातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार कोलेस्टेरॉलची पहिली तपासणी अठराव्या वर्षी, आणि घरात असा इतिहास असल्यास त्याआधीच व्हावयास हवी.

निदान झाल्यावर त्या माणसावर एक कौटुंबिक जबाबदारी येते. त्याने आपल्या सर्व सख्ख्या भावंडांना आणि मुलांना कळवले पाहिजे. नेदरलँड्समध्ये १९९४ पासून असे एका रुग्णावरून त्याच्या नातलगांपर्यंत पोहोचण्याचे काम पद्धतशीरपणे झाले. स्लोव्हेनियात तर पाचव्या वर्षी मुलांची तपासणी होते. आपल्याकडे हे काम फोन उचलून घरच्यांनीच करावे लागते आणि त्यात संकोच आडवा येतो. धाकट्या बहिणीचे लग्न ठरायचे आहे, आताच कशाला बोलायचे, असे म्हणून फाईल कपाटात जाते. स्थळ पाहताना पत्रिकेतील सारे काही पाहिले जाते आणि रक्ताचा हा एक कागद तेवढा लपवला जातो. गोळीने ताब्यात राहणारा आजार लपवून ठेवला तर तो ताब्यात राहत नाही. ज्या भावाला कळवले नाही, तो जिना चढताना सोडा घेत राहतो.

मुलांविषयी पालकांच्या मनात स्वाभाविक भीती असते. इतक्या लहान वयात औषध? तज्ज्ञ साधारण आठ ते दहा वर्षांपासून या आजाराच्या मुलांना स्टॅटिन देण्याचा विचार करतात. नेदरलँड्समध्ये लहानपणी अशा गोळ्या सुरू केलेल्या दोनशेहून अधिक मुलांवर वीस वर्षे लक्ष ठेवण्यात आले. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी एका टक्क्याला हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा विकार झाला. हाच दोष असलेल्या त्यांच्या आई-वडिलांत त्याच वयापर्यंत ते प्रमाण २६ टक्के होते. जनुक तेच, घरही तेच. आई-वडिलांच्या लहानपणी ही गोळी नव्हती आणि मुलांच्या लहानपणी ती होती.

मोठ्या माणसांची तक्रार वेगळी असते. "गोळी एकदा लागली की कायमची लागते," असे ती म्हणतात, आणि आकडा खाली आला की आपणच बंद करतात. चष्म्याचा विचार करावा. चष्मा लावल्यावर फळा स्पष्ट दिसू लागला, म्हणून कोणी चष्मा काढून ठेवत नाही. आकडा चांगला आला तो गोळी चालू आहे म्हणून. काहींना स्नायूदुखीसारखा त्रास होतो. तेव्हा गोळी बदलता येते, मात्रा कमी करून दुसऱ्या औषधाची जोड देता येते; हे डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे, परस्पर सोडू नये. स्त्रियांनी मूल होऊ देण्याचा विचार असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलून गोळ्यांचे नियोजन करावे. ही औषधे भारतातच बनतात आणि नेहमीच्या गोळ्यांचा खर्च बहुतेक घरांना झेपण्याजोगा असतो.

आणि रोजचे जगणे? ते इतरांसारखेच असावे. ज्याला हा आजार आहे त्याला वेगळे ताट वाढू नये. घरातल्या सर्वांनीच तळण, साय आणि वनस्पती तूप बेताने घ्यावे, भाज्या, डाळी आणि फळे अधिक खावीत, चालावे, तंबाखूला स्पर्श करू नये. सणाच्या दिवशी एका पुरणपोळीने त्याचे नशीब फिरत नाही आणि ती नाकारल्याने आकडाही दोनशेवरून शंभरावर येत नाही. हे घरात सर्वांना नीट कळले, तर त्याच्या ताटावर पाळत ठेवणे थांबते आणि त्याच्या गोळीची आठवण ठेवणे सुरू होते.

या शाळेच्या पहिल्या तुकडीतील विद्यार्थी आज आजोबा झाले आहेत. त्यांची मुले येथे शिकली, काहींची नातवंडेही येथेच शिकत आहेत. एका कुटुंबाच्या तीन पिढ्या एकाच छताखाली जमण्याचे प्रसंग आता फार येत नाहीत; हीरक महोत्सवाने तो आणला आहे. आज घरी गेल्यावर आजोबांना विचारावे, त्यांचे वडील कितव्या वर्षी आणि कशाने गेले. उत्तर वहीत लिहावे, आणि ते उत्तर काळजी करण्याजोगे असेल तर भावंडांना त्याच रात्री फोन करावा. पुढे कधी समाचाराला जाण्याची वेळ आलीच, तर त्या घरच्या बाईला फोडणीविषयी विचारू नये. दिवस झाल्यावर सवडीने, प्रेमाने एवढेच विचारावे : "मुलांची तपासणी झाली का?"